विजयनगर : अरण्याच्या पलीकडचें एक गांव

विजयनगर हें नांव ऐकतांच मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें तुंगभद्रेच्या कांठचें वैभवशाली साम्राज्य आणि हंपीचे भग्नावशेष उभे राहतात. परंतु याच नांवाचें आणखी एक गांव भारताच्या अगदीं पूर्व टोंकास, अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग जिल्ह्यांत आहे. तेथें ना कोट, ना गोपुरें. त्याच्या तीन बाजूंस ब्रह्मदेशाची, म्हणजे आजच्या म्यानमारची, सरहद्द आहे. आणि चौथ्या बाजूस नामदाफाचें घोर अरण्य. स्वदेशाकडे येण्याची जमिनीवरची वाट काय ती या चौथ्या बाजूनेंच आहे. या गांवाचीं सारीं सुखदुःखें त्या एका वाटेशीं बांधलेलीं आहेत.

हें अरण्य सामान्य नव्हे. बारमाही हिरवीं वर्षावनें बहुधा विषुववृत्ताच्या आसपास आढळतात. परंतु नामदाफा २७ उत्तर अक्षांशाच्या सुमारास असूनहि त्याच्या सखल भागांत तशाच जातीचें वन आहे. जगांत याहून उत्तरेस असें वन क्वचितच सांपडेल. समुद्रसपाटीपासून अवघ्या २०० मीटर उंचीवर त्याचा प्रारंभ होतो व दाफा बुम शिखरापाशीं तें ४,५७१ मीटरांपर्यंत चढत जातें. पायथ्याशीं होलाँगचे सरळसोट वृक्ष, वेतांच्या जाळ्या आणि बांबूचीं बेटें. वर थंड प्रदेशांतील वनस्पति. वाघ, बिबळे, हत्ती आणि बिनशेपटीचा हुलॉक वानर यांचें हें घर आहे. १९८१ सालीं येथें उडत्या खारीची एक नवीनच जात शास्त्रज्ञांच्या हातीं लागली, तीहि एका नमुन्याच्या रूपानें.

अशा अरण्यांतून वाट काढणें म्हणजे काय, याची साक्ष इतिहासानें एकदां दिलेली आहे. १९४२ सालीं जपानी सैन्य ब्रह्मदेशांत शिरलें, तेव्हां हजारों लोक पायीं भारताकडे निघाले. त्यांतील कांहींजण चौकान खिंडीनें या बाजूस उतरले. पावसाळा लागला होता, नद्या फुगल्या होत्या आणि जवळचा शिधा संपत आला होता. शत्रु मागें राहिला होता. आतां गांठ होती ती पाऊस आणि भूक यांच्याशीं. जाईल्स मॅकरेल या चहाच्या व्यवसायांतील गृहस्थानें हत्ती घेऊन दाफा नदी गांठली आणि पुरांत अडकलेल्यांना हत्तींच्या पाठीवरून पैलतीरीं आणलें.

पुढें १९६१ सालीं मेजर जनरल गुराया यांच्या नेतृत्वाखालीं आसाम रायफल्सची एक तुकडी या दरींत पोंचली. गुराया यांच्या मुलाचें नांव विजय. त्यावरून या ठिकाणास विजयनगर हें नांव मिळालें. पण ही भूमि निर्जन नव्हती. लिसू लोक तेथें आधींपासूनच नांदत होते. लिसूंचे भाऊबंद ब्रह्मदेशांत, चीनच्या युन्नान प्रांतांत आणि थायलंडमध्येंहि आहेत. भारतांत त्यांना योबिन असेंहि म्हणतात. त्यांची लिपि मोठी मौजेची आहे : रोमन मोठीं अक्षरें कांहीं सुलटीं तर कांहीं उलटीं वापरून ती सिद्ध झाली. गांधीग्राम हें त्यांचें या भागांतील प्रमुख गांव होय.

१९६७ सालीं भारत व ब्रह्मदेश यांच्यामध्यें सरहद्दीचा करार झाला. त्या दशकाच्या अखेरीस आसाम रायफल्सच्या निवृत्त जवानांचीं सुमारें २०० कुटुंबें सरकारनें विजयनगरच्या परिसरांत वसविलीं. त्यांत गुरख्यांचा भरणा अधिक होता. सरहद्दीवर आपलीं माणसें असावींत हा त्यामागील हेतु. जमीन मिळाली, घरें उभीं राहिलीं, शेतें पिकूं लागलीं. परंतु माणूस केवळ भातावर जगत नाहीं. त्याला मीठ लागतें, औषध लागतें आणि मुलांना पुस्तकें लागतात.

बाजाराचें गांव मियाओ. तें १५७ किलोमीटर दूर. १९७० नंतरच्या दशकांत जीपगाडीपुरता रस्ता झाला. पण दरडी, पूर आणि झाडोरा यांनीं तो गिळून टाकला. मग कित्येक वर्षें पाठीवर ओझें घेऊन सुमारें आठवडाभर चालणें हाच मार्ग उरला. मिठाची पिशवी जो वाहून आणतो, त्याला वाटेंत खाण्याचा तांदूळहि त्याच पाठीवर न्यावा लागतो. त्यामुळें मियाओस स्वस्त मिळणारें मीठ विजयनगरांत कित्येक पटींनीं महाग होई. धावपट्टी आहे, तिची दुरुस्ती होऊन २०१९ सालीं वायुदलाचें विमान पुन्हा उतरलें. परंतु ढग दरींत बसले कीं विमानाचा भरंवसा नाहीं. अडलेली बाळंतीण मात्र आभाळ मोकळें होईपर्यंत थांबूं शकत नाहीं. अलीकडे ग्रामसडक योजनेंतून रस्ता पुन्हा बांधला जात असून कोरड्या दिवसांत वाहनें जाऊं लागलीं आहेत. पावसाळ्यांत मात्र निसर्गाचीच सत्ता चालते.

मग रस्ता त्वरित पक्का कां होऊं नये ? येथेंच खरा पेंच आहे. १९८३ सालीं नामदाफास राष्ट्रीय उद्यानाचा व व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याचें क्षेत्र १,९८५ चौरस किलोमीटर आहे. रस्त्याबरोबर लांकूडतोड व शिकार हींहि आंत शिरतात, ही वनरक्षकांची भीति खोटी नाहीं. दुसरीकडे, जमिनीच्या शोधांत उद्यानाच्या हद्दींत राहिलेले लिसू कायद्याच्या दृष्टीनें अतिक्रमणकर्ते ठरतात; आपणच आपल्या भूमींत परके झालों, असें त्यांना वाटतें. वसविलेले जवान म्हणतात, आम्हांला येथें सरकारनेंच आणलें. जमीन थोडी आणि वाट एकच. ही कुचंबणा डिसेंबर २०२० मध्यें भडकली. वसाहतवाल्यांच्या पंचायतीच्या मताधिकारावरून जमाव खवळला आणि विजयनगरांतील सरकारी कचेऱ्यांना आगी लावण्यांत आल्या. जाळपोळीचें समर्थन कोणी करणार नाहीं; पण कित्येक वर्षांची उपेक्षा तीमागें होती, हेंहि विसरतां येणार नाहीं.

या तिन्ही बाजूंस न्याय देणें अवघड असलें तरी अशक्य नाहीं. वाहतुकीवर नजर ठेवणारा, रात्रीं वन्य प्राण्यांना मोकळा सोडणारा बेताचा रस्ता. लिसूंच्या वनज्ञानास रक्षणाच्या कामीं वाव. आणि दोन्ही समाजांच्या जमिनींचा स्पष्ट निवाडा, इतकें तरी व्हावयास हवें. सरहद्दीचें रक्षण ठाण्यांनीं होतें, तसेंच तेथें सुखानें राहणाऱ्या माणसांनींहि होतें. ज्या गृहिणीला चिमूटभर मीठ जपून वापरावें लागतें, तिच्याकडून देशानें निष्ठेची अपेक्षा केली आहे आणि तिनें ती पुरीहि केली आहे. आतां देशानें आपल्या वांट्याचें कर्तव्य करावें, एवढेंच तिचें मागणें आहे.