जुनी बोट घेताना आधी मागची फळी ठोका

श्रावण जवळ आला की मालवण, देवगड, हर्णै, अलिबागच्या किनाऱ्यावर जुन्या बोटींचे सौदे रंगू लागतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, पर्यटकांच्या फेऱ्याही थांबलेल्या, बोटी वर ओढून शाकारलेल्या. नारळी पौर्णिमेनंतर धंदा उभा राहायचा असतो, त्यामुळे घेणाराही घाईत आणि विकणाराही. दहा-पंधरा वर्षं वापरलेली फायबरची मोटरबोट बघायला आलेला माणूस तडक इंजिनापाशी जातो. कंपनी कोणती, किती हॉर्सपॉवर, तेल किती खातं? दोरी ओढली, इंजिन धडधडलं, की बोट पसंत!

इथेच गिऱ्हाईक फसतं. इंजिन बिघडलं तर उतरवून दुसरं लावता येतं. बोटीचं अंग आतून कुजलं असेल, तर नवं इंजिन टांगायचं कशावर?

फायबरची बोट म्हणजे निव्वळ फायबर नसतं. बहुतेक जुन्या बोटींत इंजिन टांगायची मागची फळी, तळातले लांबट आधार आणि पायाखालची जमीन यांच्या पोटात प्लायवूड किंवा लाकूड असतं, वरून फायबरचा थर. घरची करंजी तशीच. पारी खुसखुशीत, सारण आत. कड नीट दाबली असेल तर तळणीत काही होत नाही. पण एका ठिकाणी जरी कड सुटली, तरी तेल आत शिरतं आणि सारण बिघडतं. ताटात ठेवलेल्या करंजीकडे नुसतं बघून ते कळत नाही, मोडल्यावरच कळतं. बोटीच्या फळीला अशा सुटलेल्या कडा कितीतरी असतात. इंजिनाचे बोल्ट, पाणी काढायच्या बुचाचं भोक, शिडीचे स्क्रू, कुणीतरी मध्येच बसवलेल्या यंत्राच्या पट्टीची चार भोकं. भोक पाडताना आत सीलंट भरलं नसेल, तर खारं पाणी थेंबाथेंबाने प्लायवूडमध्ये मुरतं. बाहेरून फायबर तसंच गुळगुळीत, आत भुसा.

करंजी मोडून बघता येते, बोट मोडता येत नाही. म्हणून ठोकून बघायचं. लहान हातोडी, नाहीतर स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्यावी आणि फळीवर वीतभर अंतराने हलकेच ठोकत जावं. सुकी, घट्ट फळी टणक वाजते. ओली किंवा थर सुटलेली फळी बद्द वाजते. बुचाच्या भोकापाशी आणि बोल्टच्या खाली जरा जास्त वेळ द्यावा, पाणी तिथूनच शिरतं. मग इंजिन अर्धवट वर उचलून त्याचा खालचा भाग हाताने दाबावा आणि नजर फळीवर ठेवावी. चाळीस हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या आसपास भरतं. एवढा भार पेलणारी फळी लवता कामा नये. मालकाची हरकत नसेल तर खालचा एखादा स्क्रू काढावा. भोकातून तपकिरी पाणी आलं, तर आतलं लाकूड कुजत चाललंय हे समजावं.

नवा रंग हीही काळजीची गोष्ट आहे. श्रावणात बोट दिसते ती रंगरंगोटी झाल्यावर, आणि रंगाखाली तडे, पुटीनं भरलेली भोकं, फायबरवरचे फोड सगळं झाकलं जातं. मालक लबाड असतोच असं नाही, दर वर्षी रंग द्यायची रीतच आहे. पण बघायला जायचं ते आषाढात, शाकारणी बाजूला सारून. आणि सोबत मेकॅनिकच्या आधी फायबरचं काम करणारा मिस्त्री न्यावा.

पुन्हा सांगणं भाग आहे, कारण इंजिनाचा आवाज ऐकला की नेमकं हेच विसरलं जातं: आधी फळी, मग जमीन, मग इंजिन.

काही बोटींच्या जमिनीखाली फोम भरलेला असतो. तो वर्षानुवर्षं पाणी पीत राहिला, तर दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलोंचं ओझं बोट कायम वाहते. बोट पाण्यात असेल तर मागून बघावं. रंगवलेल्या पाणरेषेच्या वर शेवाळाचा पट्टा दिसला, तर ती मागच्या बाजूने जड झाली आहे. मग गिऱ्हाइकाने कारण विचारायलाच हवं.

आता इंजिन, थोडक्यात. हात लावून बघावं, ते थंडच असलं पाहिजे. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन लगेच चालू होतं. गिअरचं तेल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी आत शिरलं आहे. चालू इंजिनाच्या बाजूने थंडाव्याच्या पाण्याची धार सतत पडायला हवी. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं यायला हवं, एखाद्याचंच फार कमी असेल तर ते इंजिन सोडावं.

शेवटी कागदपत्रं. मासेमारीची बोट असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे, प्रवासी किंवा पर्यटनाची असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नोंद तपासावी. नोंदीतला इंजिन नंबर आणि इंजिनावर कोरलेला नंबर समोरासमोर धरून अंक-अंक जुळवावा. इंजिन मध्ये बदललेलं असेल आणि नोंद जुनीच राहिली असेल, तर ती दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, हे इसाराची रक्कम देण्याआधीच लिहून घ्यावं. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढलेला आहे का, तेही त्याच वेळी विचारावं.