संगणकाची आवक-जावक

मोबाइलवरून विजेचे बिल भरले की पैसे वजा झाल्याचा निरोप लगेच येतो. पावती मात्र कधी मिनिटाने येते, कधी तासाने. एखाद्या वेळी पैसे जातात आणि पावती येतच नाही. मग आपण खिडकीपाशी जातो आणि तिथला कर्मचारी म्हणतो, ‘आमच्याकडे नोंद नाही.’ ही नोंद वाटेत कुठे हरवते आणि ती हरवू नये म्हणून काय करतात, हे आज पाहू या.

मोठे काम एकाच अवाढव्य प्रोग्रॅमवर न सोपवता लहान, स्वतंत्र प्रोग्रॅमांत वाटून देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अशा लहान प्रोग्रॅमला मायक्रोसर्व्हिस म्हणतात. एक पैसे घेते, दुसरी पावती करते, तिसरी एसएमएस पाठवते. या एकमेकींसाठी खोळंबून राहिल्या तर एक बंद पडताच सगळ्याच अडतील. म्हणून पहिली आपली चिठ्ठी मधल्या एका सेवेकडे देते आणि मोकळी होते. दुसरीला सवड झाली की ती चिठ्ठी उचलते. ही मधली सेवा म्हणजे मेसेज क्यू, अर्थात संदेशांची रांग. घेतलेली चिठ्ठी हरवायची नाही, एवढीच तिची जबाबदारी.

चिठ्ठ्या नुसत्या संगणकाच्या मेमरीत ठेवल्या तर वीज गेली की त्याही गेल्या. डेटाबेस मात्र नोंद डिस्कवर उतरल्याखेरीज ‘झाले’ म्हणत नाही. डेटाबेसशास्त्रातले थोर संशोधक जिम ग्रे यांनी १९९५ साली एक लेखच लिहिला होता. ‘रांगा म्हणजे डेटाबेसच’ असे त्याचे शीर्षक होते. रांगेला जे लागते, म्हणजे टिकाऊपणा, कुलपे, बिघाडानंतर पूर्वपदावर येणे, ते सारे डेटाबेसकडे आधीच असते.

आणखी एक मोठा फायदा आहे. सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी असते. बाहेर जाणारे पत्र आधी जावक वहीत चढते. इथेही पैसे घेणारी सेवा ‘बिल भरले’ ही नोंद आणि ‘पावती करा’ ही चिठ्ठी आपल्याच डेटाबेसात, एकाच व्यवहारात लिहिते. दोन्ही लिहिली जातील किंवा दोन्ही जाणार नाहीत. पैसे घेतले आणि चिठ्ठी लिहायची राहिली, असे मग होऊच शकत नाही.

आता उचलणाऱ्यांकडे वळू. टेबलात प्रत्येक चिठ्ठीची एक ओळ असते. तिच्यात क्रमांक, मजकूर, स्थिती आणि आजवर झालेले प्रयत्न असतात. समोर दहा कामगार-प्रोग्रॅम आहेत. दोघांनी एकच ओळ उचलू नये म्हणून पहिला तिला कुलूप लावतो. पण मग उरलेले नऊजण त्याच कुलपापाशी ताटकळत राहतात. यावर ‘स्किप लॉक्ड’ ही सोय आहे. कुलूप असलेली ओळ सोडून पुढची मोकळी ओळ घ्यायची. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसात ही सोय जानेवारी २०१६ मध्ये आली, मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली. तिची किंमतही आहे. अकरावी चिठ्ठी दहाव्याच्या आधी पुरी होऊ शकते. ज्या कामात क्रम महत्त्वाचा, तिथे ही सोय जपून वापरावी.

काम लांबणारे असेल तर कुलूप तेवढा वेळ धरून ठेवत नाहीत. ‘पाच मिनिटे ही माझ्याकडे’ अशी नोंद करून काम सुरू करतात. कामगार मध्येच कोसळला तर पाच मिनिटांनी चिठ्ठी दुसऱ्याला मिळते.

इथेच खरी मेख आहे. कामगाराने पावती केली आणि ‘झाले’ असे लिहिण्याआधीच तो कोसळला, तर? दुसरा येईल आणि पुन्हा पावती करेल. आधी ‘झाले’ लिहून मग काम करावे, तर मध्ये कोसळल्यावर काम कायमचे राहून जाईल. हे कोडे जुने आहे. दोन डोंगरांवर एका पक्षाचे दोन सेनापती आहेत, दरीत शत्रू आहे आणि निरोप नेणारा जासूद वाटेत पकडला जाऊ शकतो. ‘उद्या हल्ला’ हा निरोप पोचला याची पोचपावती हवी, त्या पोचपावतीचीही पोचपावती हवी, आणि याला अंत नाही. जिम ग्रे यांनीच १९७८ साली या कोड्याला दोन सेनापतींचे नाव दिले.

तेव्हा प्रत्येक चिठ्ठी नेमकी एकदाच पोचेल, अशी हमी रांग देऊ शकत नाही. ‘निदान एकदा पोचेल’ एवढेच ती सांगू शकते. उरलेली जबाबदारी घेणाऱ्याची. त्याने आपली आवक वही ठेवावी. चिठ्ठीचा क्रमांक वहीत आधीच असेल तर काम पुन्हा करू नये. क्रमांकाची नोंद आणि प्रत्यक्ष काम हेही एकाच व्यवहारात व्हावे. पावती दोनदा निघाली तर फारसे बिघडत नाही, पण परतावा दोनदा गेला किंवा खात्यातून पैसे दोनदा कापले गेले तर कुणाच्या तरी घरचा महिना कोलमडतो.

अशा सेवेची चाचणी सगळे सुरळीत चालू असताना करण्यात फारसा अर्थ नाही. ती खऱ्या डेटाबेसावरच करावी. नकली डेटाबेसात कुलपांचे वागणे तसेच असेल याचा भरवसा नसतो. पहिली चाचणी गर्दीची. हजार चिठ्ठ्या, वीस कामगार, आणि शेवटी प्रत्येक चिठ्ठीचा परिणाम एकदाच झाला का, हे मोजायचे. दुसरी चाचणी निर्दय असते. लिनक्समध्ये ‘किल -९’ अशी आज्ञा आहे. तिने प्रोग्रॅमला आवराआवरीची उसंतही मिळत नाही. काम सुरू होण्याआधी, काम झाल्यावर पण ‘झाले’ लिहिण्यापूर्वी, आणि लिहून झाल्यावर, अशा तिन्ही क्षणी कामगाराला मारून पाहायचे. तिसरी चाचणी सदोष चिठ्ठीची. जी उचलणारा प्रत्येक कामगार कोसळतो, तिला पाच प्रयत्नांनंतर बाजूच्या टेबलात टाकले जाते ना आणि ती माणसाच्या नजरेस येते ना, हे तपासायचे.

चौथी चाचणी दमाची. पोस्टग्रेसमध्ये पुसलेली किंवा बदललेली ओळ लगेच नाहीशी होत नाही. ‘व्हॅक्यूम’ नावाची झाडलोट होईपर्यंत ती अडगळ म्हणून राहते. रांगेत सतत भर आणि सतत उचल असल्याने ही अडगळ भराभर साचते. कुणी एखादा व्यवहार तासन्‌तास उघडा ठेवला तर झाडलोटही अडते आणि रांग मंदावत जाते. पाच मिनिटांच्या चाचणीत हे दिसत नाही. भार देऊन रात्रभर चालवले तर दिसते.

संदेशांचा पूरच येत असेल, तर लिंक्डइनने २०११ साली खुले केलेल्या काफ्कासारखी खास साधने बरी. पण मध्यम आकाराच्या कामाला घरचा डेटाबेस बहुधा पुरतो, आणि एक यंत्रणा कमी म्हणजे रात्री-अपरात्री बिघडणारी एक गोष्ट कमी. साधन कोणतेही घ्या, आवक-जावकाच्या दोन वह्या मात्र चुकत नाहीत. त्या नीट ठेवल्या, तर बिल भरलेल्या माणसाला खिडकीपाशी जाऊन आपण पैसे भरल्याचे सिद्ध करत बसावे लागणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)