मंत्रचळ आणि त्यावरील उपचार

‘मंत्रचळ’ हा शब्द मराठीत जुना आहे. तासतासभर हात धूत बसणारी गृहिणी किंवा लावलेले कुलूप पुन्हा ओढून पाहण्यासाठी अर्ध्या वाटेवरून परतणारा कारकून दिसला, की घरची मंडळी हा शब्द उच्चारतात, हसतात आणि विषय सोडून देतात. कधी या वागण्याला कडक सोवळ्याचे, तर कधी टापटिपीचे नाव मिळते. वैद्यकशास्त्र मात्र त्यास आजार मानते; आणि हा आजार उपचारांनी आटोक्यात येऊ शकतो.

या आजाराची दोन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे नको असताना मनात वारंवार घुसणारा विचार: हात विटाळले असतील, गॅस उघडा राहिला असेल, आपल्याच हातून पोटच्या पोराला इजा होईल. दुसरे अंग म्हणजे त्या विचाराने उठलेली तगमग शमविण्यासाठी केलेली कृती: धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात ठरावीक शब्द घोकणे. भीती निराधार आहे, हे बहुतेक रुग्णांना ठाऊक असते. परंतु कळते पण वळत नाही, अशी त्यांची अवस्था होते.

असे विचित्र विचार केवळ रुग्णांच्याच मनात येतात, असे नव्हे. रॅकमन आणि डी सिल्व्हा या संशोधकांनी १९७८ साली दाखवून दिले की, निरोगी माणसांपैकी बहुसंख्यांनाही ते स्पर्श करून जातात. निरोगी मनुष्य त्यांकडे दुर्लक्ष करतो. रुग्ण त्यांना गंभीर अर्थ देतो आणि कृतीने त्यांचे निवारण करू पाहतो. कृती करताच क्षणभर हायसे वाटते, आणि नेमका हाच सापळा होय. त्या क्षणिक सुखामुळे कृतीची सवय पक्की होते व शंका पुन्हा डोके वर काढते.

उपचाराची दिशाही येथूनच सापडली. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या वस्तूंची धास्ती, त्यांच्या सान्निध्यात रुग्णास न्यायचे; परंतु नंतरची ठरलेली कृती त्याने करावयाची नाही, ही त्यामागची पद्धत. आज हे काम रुग्णाच्या संमतीने, पायरीपायरीने केले जाते. आज दाराची कडी, काही दिवसांनी पायातील जोडे. हात न धुताही तगमग सोसता येते आणि भाकीत केलेले संकट येत नाही, हे रुग्ण स्वानुभवाने शिकतो.

याच सुमारास क्लोमिप्रामीन या औषधाचा गुण ध्यानात आला. पुढे फ्लुओक्सेटीन, फ्लुव्हॉक्सामीन यांसारखी औषधे आली. त्यांचा परिणाम दिसण्यास अनेकदा दोन-तीन महिने लागतात, म्हणून दोन आठवड्यांत निराश होऊन औषध टाकणे योग्य नव्हे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी वर्तनोपचाराने ८६ टक्के, क्लोमिप्रामीनने ४८ टक्के, तर औषधविरहित गोळीने १० टक्के रुग्णांना गुण आला.

औषध शरीरावर चालते आणि वर्तनोपचार मनावर, असा भेद करण्याचा मोह होतो. परंतु लॉस एंजेलिस येथील बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा दोन्ही मार्गांनी सुधारलेल्या रुग्णांत मेंदूच्या खोल भागातील ‘कॉडेट’ या केंद्राची अतिरिक्त धावपळ मंदावलेली आढळली. मनाने गिरविलेला नवा धडा मेंदूतही उमटतो, असे यावरून दिसते.

कुटुंबीयांसाठी यात एक अवघड सूचना आहे. ‘काही होणार नाही’ असे दहा वेळा सांगणे, रुग्णासाठी भांडी पुन्हा धुऊन देणे, हे मायेपोटी घडते. पण त्याने आजारच पोसला जातो. रागावून किंवा थट्टा करूनही काही साधत नाही. उपचारकाच्या सल्ल्याने ही मदत हळूहळू कमी करणे, हेच खरे साहाय्य होय.

बंगळूरच्या ‘निमहान्स’ संस्थेत या आजारासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेद्वारे १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. लज्जेपायी अनेक रुग्ण वर्षानुवर्षे आपली व्यथा लपवितात. घरातील कोणी वारंवार हात धूत असेल, तर हसण्याऐवजी त्यास मनोविकारतज्ज्ञाकडे नेणे, ही सुटकेची पहिली पायरी ठरेल.