मूग, डाळ आणि आगगाडी



भांडुप स्टेशनच्या पुलावर आम्ही आमच्या चार वर्षांच्या नातवाला घेऊन उभे होतो. खालून जलद गाडी धडधडत गेली. त्याने विचारले, "आजोबा, गाडी जिवंत आहे ना?" आम्ही नाही म्हणालो. "मग ती पळते कशी?" आम्ही शाळेतली व्याख्या सांगितली : सजीव खातात, श्वास घेतात, वाढतात. त्याचे समाधान झाले नाही. भिंतीच्या फटीत उगवलेल्या पिंपळाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हा पळत नाही. म्हणजे हा मेलेला?"

यात हसण्यासारखे काही नाही. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२६ सालच्या ग्रंथात हेच मांडले आहे, की लहान मुलाला हलते ते जिवंत वाटते. शिवाय मूल पडले की जमिनीला चापट मारणारे आपणच, आणि चंद्राला मामा करणारेही आपणच !

व्याख्येने भागेना, तेव्हा ताराबाई मोडकांची आठवण झाली. १९४५ साली बोर्डीला काम मांडताना महागड्या साधनांऐवजी त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने हाताशी घेतली होती. आम्ही स्वयंपाकघरातच गेलो. दोन ओल्या फडक्यांत एकीकडे अख्खे मूग आणि दुसरीकडे मुगाची डाळ बांधली. दुसऱ्या दिवशी मुगाला मोड आले. डाळ नुसती फुगली, आणि पुढे तिला वास येऊ लागला.

"डाळ का नाही उठली?"

आम्ही सांगितले, की कोरडा मूग झोपलेला असतो, पाणी मिळताच जागा होतो. डाळ भरडताना मात्र टोकाशी असलेला इवलासा अंकुर निघून जातो. डाळ एकेकाळी जिवंत होती, आता नाही. पाठ्यपुस्तकातल्या दोन रकान्यांत ही तिसरी गोष्ट कुठे बसते, ते आम्हांलाच उमगेना.

तो बराच वेळ फडक्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजी पण झोपलीय ना? ती कधी उठणार?"

दोन महिन्यांपूर्वी ते वाक्य आम्हीच त्याच्याशी बोललो होतो. सोपे जावे म्हणून. त्याला की आम्हांला, कोण जाणे.

"नाही रे बाळ," आम्ही म्हणालो, "आजी झोपलेली नाही. आजी वारली. ती उठणार नाही."

"डाळीसारखी?"

"हो."

तो रडला नाही. उरलेले मोड मुठीत घेऊन गॅलरीत गेला आणि तिच्या तुळशीच्या डब्यात पुरू लागला. आम्ही त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला.