मनाचे आजार आणि पेशींतली ऊर्जा

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेले असतानाही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. ही ऊर्जा मुख्यतः मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतल्या तंतुकणिका, तयार करतात.

त्यांचं काम मंदावलं, तर मनही आजारी पडेल का? जपानी मनोविकारतज्ज्ञ तादाफुमी कातो हा प्रश्न १९९०च्या दशकापासून बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणाऱ्या, आजाराच्या संदर्भात अभ्यासत आले आहेत. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या आजाराच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात तंतुकणिकांशी संबंधित अनेक जनुकं मंदावलेली दिसली. हे आजाराचं कारण की परिणाम, याचा निकाल अजून लागलेला नाही. पण मनोरुग्णाला ‘मनाने कच्चा’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ऐकायलाच हवं.

एक गोष्ट मात्र आजच उपयोगाची. उन्मादावर दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषध, तंतुकणिकांशी संबंधित पीओएलजी जनुकात दोष असलेल्यांचं यकृत निकामी करू शकतं. घराण्यात तंतुकणिकांचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. चालू गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका.