अकरा माणसं, सात जागा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आमचं घर अकरा माणसांचं. आई, विधवा काकी, दादा-वहिनी, मी आणि माझी पत्नी, दादाची तीन मुलं आणि आमची दोन. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात डोंगराच्या कुशीत आमची वाडी आहे. डांबरी सडक तीन किलोमीटरवर थांबते. पुढे लाल माती, एक ओढा आणि दोन चढ. उन्हाळ्यात या वाटेनं कुठलीही गाडी येते. पावसाळ्यात मात्र माणूससुद्धा काठी टेकत येतो.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका रात्री काकीला दम्याचा झटका आला. घरात तेव्हा छोटी गाडी होती, पाच जणांची, खाली टेकलेली. ओढ्यात उतरताना तिचं पोट दगडाला घासलं आणि इंजिनचं ऑइल वाहून गेलं. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले आणि भिजत, घसरत काकीला सडकेपर्यंत नेलं. दीड तास लागला. काकी वाचली. पण त्या दीड तासात तिची छाती वाजत होती, तो आवाज आमच्यापैकी कोणीही विसरलेलं नाही. २०२१ च्या जुलैत आमच्याच तालुक्यात आंबेघरला दरड कोसळून माणसं गेली. तेव्हापासून पावसाळी रात्र म्हटली की घराला धास्ती असते, त्यात ही भर.

दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय, कच्च्या रस्त्यावर चालेल अशी गाडी. आणि मंडळी, एकत्र कुटुंबात गाडी ठरवणं हे मुलीचं लग्न ठरवण्याइतकंच अवघड! थोरल्या पुतण्याला थार हवी. दिसायला दणकट, चारही चाकांना ताकद. पण तीन दारांच्या थारमध्ये चारच माणसं बसतात, जिम्नीतही चारच. पाच दारांची रॉक्स २०२४ मध्ये आली, तिच्यात पाच. दादाचं म्हणणं, "नऊ जणांची घ्या, एका खेपेत सगळं घर निघालं पाहिजे." आणि काकी अंथरुणावरून म्हणाली, "आरं बाबांनू, गाडी कंचीबी घ्या, पन मला तिच्यात चढाय आलं पायजे."

मी शाळामास्तर. मला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. दाराआडच्या कॅलेंडरवर तीन महिने रोज लिहिलं, आज घरातून एकदम किती माणसं बाहेर पडली. अकराच्या अकरा फक्त दोनदा निघाली, एकदा जत्रेला आणि एकदा लग्नाला. एरवी चार, पाच, फार तर सात. म्हणजे वर्षातल्या चार दिवसांसाठी आम्ही नऊ-दहा जागांची गाडी घेणार आणि उरलेले दिवस तिचं डिझेल भरणार. त्या चार दिवसांना दुसरी जीप भाड्यानं करणं केव्हाही स्वस्त. दादाला हे पटायला महिना लागला, पण आकडे समोर होते.

दुसरा प्रश्न चारही चाकं ओढणाऱ्या गाडीचा. तालुक्याच्या गावातले आमचे जुने मिस्त्री आहेत, त्यांनी मला जमिनीवर काटकीनं चित्र काढून समजावलं. मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं. पण एक चाक चिखलात सापडलं की सगळी फिरकी त्याच चाकाला जाते आणि कोरड्यावरचं चाक नुसतं उभं राहतं. डिफरन्शियल लॉक असलं तर दोन्ही चाकं बांधली जातात आणि गाडी निघते. बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलला मागं असं लॉक मिळतं. पाच दारांच्या गुरख्याला तर पुढं-मागं दोन्हीकडे आहे, शिवाय चारही चाकांना ताकद आणि सात माणसांना जागा. आमच्या वाटेला खरी जोडीदार तीच. पण २०२४ मध्ये ती आली तेव्हा किंमत अठरा लाख होती. तेवढ्यात आमची विहीर, पाइपलाइन आणि पोरांच्या फिया निघतात.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यांच्या कामाची आहे. चढावर गाडीचं वजन मागं जातं. माणसं भरलेली असली की आणखी मागं. शहरी वळणाच्या सात जणांच्या बऱ्याच गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यांची पुढची चाकं अशा वेळी हलकी होऊन ओल्या मातीत नुसती फिरतात. मागच्या चाकांवर चालणारी, शिडीसारख्या चासीवर बांधलेली, पोट उंच असलेली गाडी त्याच चढावर बरी चालते. म्हणजे चारही चाकं नसली तरी मागची चाकं हवीतच.

तिसरा प्रश्न बसण्याचा. बोलेरोसारख्या गाडीत मागं दोन आडव्या बैठका असतात, समोरासमोर तोंड करून. सात जणांची गाडी म्हणून आपण ती घेतो आणि पोरांना मागं टाकतो. पण गाडी आदळली तर आडव्या बसलेल्या पोराला समोरचा आधारच नसतो. बोलेरो निओला २०२४ च्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एकच तारा मिळाला, हेही वहिनीनं वाचून दाखवलं. दमेकरी काकीला वाचवायला गाडी घ्यायची आणि पोरांना धोक्यात बसवायचं, हे तिला मंजूर नव्हतं. "सातही तोंडं पुढं पाहिजेत," ती म्हणाली आणि तिथं चर्चा थांबली.

आता पैशाचं. नवीन गाडी घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याहून मोठी असेल तर ४० टक्के. बोलेरो आणि निओ दोन्ही १८ टक्क्यांत बसतात. आम्हाला मात्र मोठी गाडी हवी होती आणि खिसा छोट्या गाडीचा होता. म्हणून जुनी बघायची ठरवली.

जुनीच्या बाबतीत आम्ही एक रेघ आखली, जुलै २०१९ नंतर तयार झालेली. कारण त्या वर्षी एप्रिलपासून एबीएस आणि जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. आम्ही चालकाशेजारीही एअरबॅग असलेलीच शोधली. मग खड्ड्यावर गाडी चढवून मिस्त्री खाली शिरले. चासीला गंज आहे का, वेल्डिंग केलंय का, गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल गळतंय का, हे बॅटरी लावून पाहिलं. चासी नंबर आरसीशी ताडून पाहिला, बँकेचा बोजा उतरलाय याचा कागद मागितला. एक गाडी दिसायला झकास होती, पण गालिचा उचलला तर खाली वाळलेला गाळ! पुरात बुडालेली गाडी. विकणारा गप्प झाला, आम्ही परत आलो.

चौथ्या खेपेला २०२० ची स्कॉर्पिओ मिळाली. मागच्या चाकांवर चालणारी, सातही जागा पुढं तोंड करून. सौद्याआधी काकीला नेलं. तिनं पायरीवर पाय ठेवला, वरचा दांडा धरला, आणि गुडघा उचलेना. दादानं मान खाली घातली. मिस्त्री म्हणाले, "थांबा," आणि खाली एक लाकडी पाट ठेवला. काकी चढली. तो पाट आज गाडीतच असतो.

चारही चाकांच्या गाडीपेक्षा पुष्कळ पैसे वाचले. त्यातून मड टायर घेतले, आणि उरलेल्यातून दोन दिवस जेसीबी लावून दोन्ही चढांवर मुरूम आणि ओढ्यात दगड भरले. तीन किलोमीटरांतली खरी अवघड वाट चारशे मीटरच होती, हे मोजल्यावर कळलं. वाडीतली इतर घरंही फावडी घेऊन आली. डिकीत दोर, फावडं आणि दोन जाड फळ्या ठेवल्या आहेत. ओढ्याला गढूळ लोंढा असेल तर गाडी घालायची नाही, असा नियम केलाय, आणि पुतण्यानं तो स्वतःच्या हातानं लिहून काचेला चिकटवलाय.

गेल्या पावसात पुन्हा एका रात्री काकीची छाती दाटली. घरातून सडकेपर्यंत वीस मिनिटं लागली. मधल्या रांगेत ती बसली होती, खांद्यावर वहिनीचा हात होता. दवाखान्यात पोचल्यावर तिनं पाटावरून उतरताना एवढंच विचारलं, "खुर्ची कुठं हाय रं आपली, ती बांबूची?" मी म्हटलं, "काकी, ती अंगणात आहे, मांजर झोपतंय तिच्यात."

श्रोतेहो, गाडी घेताना आधी घरातली माणसं मोजा, मग वाट मोजा, आणि किंमत सगळ्यात शेवटी. आणि जे माणूस गाडीत सगळ्यात कष्टानं चढणार आहे, त्याला सगळ्यात आधी विचारा.