दुखणे मोजावे कसे?



आजच्या विषयावर बोलायला खरे म्हणजे एखादा डॉक्टर हवा होता. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा कोणते औषध घ्या हे सांगण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. परंतु मोजमाप हा आमचा धंदा आहे. विड्या किती वळल्या, पाने किती दिली, हजारी दर काय पडला, याचे हिशेब मांडण्यात आमची तीस वर्षे गेली. त्यात एक गोष्ट पक्की कळली. जे मोजून दाखवता येत नाही, ते समोरचा मानीत नाही. आमवाताच्या रोग्याची हकीकत नेमकी हीच आहे.

आमवात म्हणजे उतारवयात गुडघे झिजतात तो संधिवात नव्हे. यात शरीराचे रक्षण करणारी व्यवस्थाच सांध्यांच्या आतल्या आवरणावर उलटते. आवरण सुजते, आणि सूज टिकली की कूर्चा आणि हाड पोखरू लागते. पुरुषांपेक्षा बायकांना हा रोग दुपटी-तिपटीने होतो, आणि पुष्कळदा ऐन कर्त्या वयात गाठतो. मुलांनाही अशी सांधेसूज होते. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाचा सांधा सहा आठवडे सुजलेला राहिला आणि दुसरे कारण सापडले नाही, तर त्याला बालसंधिवात म्हणतात. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ साली बावीस मुलांच्या हकीकती प्रसिद्ध करून दाखवले, की मुलांतला हा रोग म्हणजे मोठ्यांच्याच रोगाची लहान प्रत नव्हे.

हे आम्ही वाचले फार उशिरा. वीस वर्षांपूर्वी सोलापुरात आमच्या युनियनमधल्या एक विडी कामगार बाई कचेरीत आल्या. म्हणाल्या, "अण्णा, पोरगी सकाळचं पाऊलच टाकीना बघा." पोरगी नऊ वर्षांची. शाळेने आधीच निकाल दिला होता, की सोंग करते. आम्हीही हसून म्हणालो, "अहो बाई, शाळेचा कंटाळा असेल. काल दुपारी तर लगोरी खेळताना आम्हीच पाहिली." बाई काही न बोलता गेल्या.

या रोगाची खूणच ती आहे. सकाळी सांधे आखडलेले असतात, दिवस चढेल तसे सैल होतात. दुपारची लगोरी हा आमचा पुरावा होता, आणि तोच रोगाचा पुरावा होता. दीड वर्षाने तिचा गुडघा सरळ होईना, आणि एका डोळ्याला धुरकट दिसू लागले. बालसंधिवाताच्या काही प्रकारांत डोळ्याच्या आत सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करीत नाही. म्हणून अशा मुलांचे डोळे तक्रार नसतानाही, जोखीम जास्त असेल तर दर तीन महिन्यांनी, स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राखाली तपासावे लागतात. मोठ्या इस्पितळात औषध सुरू झाल्यावर तिचा गुडघा सुटला. डोळा पुरता सुधारला नाही. त्या बाईंनी आम्हांला आजवर बोल लावलेला नाही. आमच्या खात्यावर ती नोंद मात्र आहे.

तेव्हापासून आम्ही शोधू लागलो, की शास्त्रज्ञ हे दुखणे मोजतात तरी कसे? नेदरलँड्समधल्या नायमेखेन शहरातल्या डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास एक रीत बसवली, आणि १९९५ साली ती सुटसुटीत केली. अठ्ठावीस सांधे घ्यायचे: खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे, आणि उरलेले वीस हाताच्या बोटांचे. तपासणाऱ्याने आपले नख पांढरे पडेल इतक्या दाबाने एकेक दाबून पाहायचा. दुखणारे किती आणि सुजलेले किती, हे वेगवेगळे मोजायचे. रक्तातला ईएसआर घ्यायचा. आणि चौथी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. १०० मिलिमीटरची एक रेघ रोग्यापुढे ठेवायची आणि म्हणायचे, तुम्हांला कसे वाटते तिथे खूण करा. या चारांचा मिळून एक आकडा निघतो. ५.१ च्या वर गेला तर रोग भडकलेला, २.६ च्या खाली आला तर जवळजवळ शमलेला. रोग्याची साक्ष प्रयोगशाळेच्या आकड्याशेजारी एकाच हिशेबात आली, ही लहान गोष्ट नव्हे. मुलांसाठीही १९९७ साली सहा मापे ठरली, आणि त्यांत आईबापांचे किंवा मुलाचे मत हे एक माप आहे.

या रीतीत एक उणेही आहे. त्या अठ्ठावीसांत पावलांचे सांधे नाहीत. ज्याला दिवसभर उभे राहून माग चालवायचा त्याने काय म्हणावे?

दुसरी रीत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले डॉ. जेम्स फ्राइज यांनी १९८० साली प्रसिद्ध केली. तीत वीस प्रश्न आहेत. कपडे घालता येतात का, उठता येते का, चालता येते का, असे. आणि उत्तराला शून्य ते तीन गुण. एवढ्याशा प्रश्नपत्रिकेवरून पुढे माणसाचे काम सुटेल का, याचा अंदाज क्ष-किरणांच्या चित्रापेक्षा बरा येतो, असे पुढे दिसून आले. परंतु मूळ प्रश्न पाहा: दुधाचे नवे खोके उघडता येते का? मांस कापता येते का? टबात बसून आंघोळ करता येते का? आमच्या विडीवालीला हे विचारले तर ती म्हणेल, टब कुठला आणला? आपल्याकडच्या डॉक्टरांनी म्हणूनच हे प्रश्न बदलले. उकिडवे बसता येते का, मांडी घालून बसता येते का, हे विचारू लागले. माप ज्याचे घ्यायचे त्याच्या जगण्यातून यावे लागते. दर ठरवण्याच्या बैठकीत विडी न वळलेली माणसे बसतात तेव्हा आमची तक्रार याहून काय निराळी असते?

आता कोणी विचारील, मोजून रोग बरा होतो काय? ग्लासगोतल्या डॉक्टरांनी २००४ साली याचेच उत्तर दिले. ११० रोगी घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची तपासणी, साधारण तीन महिन्यांनी. दुसऱ्या गटाचे माप दर महिन्याला घेतले, आणि आकडा खाली आला नाही तर उपचार तिथल्या तिथे वाढवला. औषधे दोन्हीकडे जुनीच. अठरा महिन्यांनी पहिल्या गटात शेकडा १६ जणांचा रोग शमला होता, दुसऱ्यात शेकडा ६५ जणांचा. एकंदर खर्चही वाढला नाही. हा निबंध आम्ही तीनदा वाचला.

त्या जुन्या औषधांत मुख्य म्हणजे मेथोट्रेक्झेट. त्याच्या जन्मात आपल्या माणसाचा हात आहे. आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत या घराण्याची औषधे कर्करोगासाठी तयार झाली. १९५१ साली त्यांपैकी एक संधिवातावर वापरून पाहिले गेले. पण कॉर्टिझोनचा बोलबाला होता, १९५० चे नोबेल पारितोषिकही त्या कामाला मिळालेले, आणि हे मागे पडले. चांगल्या चाचण्या व्हायला १९८५ उजाडले. मुलांवरची मोठी चाचणी तर अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी मिळून केली. १९९२ साली ती छापून आली तेव्हा सोव्हिएत संघ उरला नव्हता. १२७ मुले होती. मोठी मात्रा घेणाऱ्यांत शेकडा ६३ सुधारली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ३६. हे औषध स्वस्त आहे. मात्र आमवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते, आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. औषधाबद्दल बोलणार नाही म्हणालो होतो, पण एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९९२ साली लंडनच्या चॅरिंग क्रॉस इस्पितळात फेल्डमन आणि मैनी यांनी सूज पेटवणाऱ्या एका द्रव्यावरच घाव घालणारे औषध रोग्यांना देऊन पाहिले. त्यातून नवी महागडी इंजेक्शने आली. मुलांनाही त्या जातीच्या औषधाचा गुण येतो हे २००० साली सिद्ध झाले. ती चांगली आहेत. विडीच्या मजुरीत मात्र बसत नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातही मोजणी झाली आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन सुमारे चार हजार प्रौढांना विचारले. हाडे, स्नायू, सांध्यांची तक्रार शेकडा १८ जणांना होती, आणि आमवात दोनशेंत एकाला. या सभागृहात चारशे माणसे असतील, तर हिशेब तुम्हीच करा.

आम्ही कचेरीत एक वही ठेवली आहे. हात आखडतात म्हणून कोणी आले, की चार प्रश्न विचारायचे: सकाळी हात सैल व्हायला किती वेळ लागतो? दोन्ही हातांना आहे का? मूठ पुरी मिटते का? किती आठवडे झाले? मग चिठ्ठी देऊन सरकारी इस्पितळात पाठवायचे. रविवारी ती वही तीच लगोरीवाली मुलगी सांभाळते. आता तिचे वय एकोणतीस. वही ती जरा डोळ्यांजवळ धरून लिहिते. गेल्या महिन्यात तिने आम्हांला न विचारता पाचवा प्रश्न घातला: विडीचे तोंड बंद करताना नख टेकते का? वहीत नावे नाहीत, आणि वही आम्ही आज बरोबर आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी व्याख्यानानंतर या टेबलापाशी यावे.